वाकलेले नाणे

२०१२ सालच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एक जादू करून दाखवली होती. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी २०११च्या जूनअखेर चलनातून बाद झाली होती. घरात पडून असलेल्या ॲल्युमिनियमच्या दहा पैशांच्या नाण्यांपैकी एक मी आदल्या रात्री पकडीत धरून वाकवून ठेवले. रंगमंचावर सरळ नाणे मुलांच्या हातांतून फिरवले, परत घेताना तळहातातल्या वाकड्या नाण्याशी त्याची अदलाबदल केली आणि बाक समोरून दिसणार नाही अशा बेताने ते दोन बोटांत धरले. मग अंगठ्याने चोळत हळूहळू फिरवले. पाहणाऱ्याला वाटावे, नाणे डोळ्यांदेखत वाकते आहे. टाळ्या पडल्या. मी ऐटीत खाली उतरलो. गुपित सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. मुलाचा पाय जन्मापासून अधू. ती कानडीत म्हणाली, "सर, नाणं वाकवणारा तुमचा हात एकदा याच्या पायावरून फिरवा." मी ओशाळलो. दोन्ही नाणी तिच्यापुढे ठेवली, हातचलाखी पुन्हा करून दाखवली. तिने शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "सांगायचं नसेल तर राहू द्या सर." मुलाचे बोट धरून ती निघून गेली.

त्या दिवसापासून या विद्येचा इतिहास मी वाचत आलो. त्या माउलीच्या भोळेपणाला हसण्याचा कुणालाही अधिकार नाही, हे त्यातूनच कळले. कारण तिच्याआधी चाळीस वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ याच वाटेने गेले होते.

१९४६ साली तेल अवीव येथे जन्मलेले युरी गेलर चमचे, किल्ल्या केवळ मनाच्या बळाने वाकवतो, असे सांगत. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी बी.बी.सी.वर त्यांचा कार्यक्रम झाला आणि आपल्याही घरातले काटे-चमचे वाकल्याचे प्रेक्षक कळवू लागले. कार्यक्रमात हजर असलेले लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गणितज्ञ जॉन टेलर इतके भारावले, की त्यांनी या शक्तीवर १९७५ साली पुस्तकच लिहिले. पुढे स्वतःच कसून तपास केल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि १९८०च्या पुस्तकात तसे मोकळेपणाने मांडले. विद्वानाला हे सोपे नसते.

त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेत वेगळेच घडले होते. दूरदर्शनवरचे सूत्रधार जॉनी कार्सन तरुणपणी स्वतः जादूगार होते. त्यांनी जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला. सल्ला साधा होता : वस्तू तुमच्या ठेवा आणि कार्यक्रमाआधी पाहुण्याला त्यांच्याजवळ फिरकू देऊ नका. गेलर वीसेक मिनिटे बसून राहिले. काहीच वाकले नाही. गंमत अशी, की त्यामुळे त्यांची कीर्ती ओसरली नाही. खरा जादूगार दर वेळी यशस्वी होतो, हा तर चुकतो, म्हणजे याची शक्ती अस्सल असली पाहिजे, असे लोकांनी ठरवले!

१९७५ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात धातू वाकवू शकणाऱ्या सहा मुलांची परीक्षा झाली. खोलीतल्या निरीक्षकाने मुद्दाम लक्ष ढिले केले. एकतर्फी आरशामागून मात्र नजर ठेवलेली होती. एका मुलीने सळई चक्क पायाखाली घालून वाकवली, इतर काहींनी दोन्ही हातांचा जोर लावला. आमच्या परीक्षांत पर्यवेक्षकाची पाठ वळली की जे होते, तेच.

सर्वांत मोठा धडा सेंट लुईसचा. उद्योगपती मॅक्डॉनेल यांनी १९७९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाला अशा शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलर दिले. रँडींनी दोन पोरसवदा जादूगार, स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स, तिथे धाडले. सोबत प्रयोगशाळेला पत्र लिहून अकरा सावधगिऱ्याही कळवल्या. तरीही ही मुले कित्येक महिने शास्त्रज्ञांना चकवत राहिली. १९८३च्या आरंभी रँडींनी सारे उघड केले. मुलांना त्यांनी एक नियम घालून दिला होता : "तुम्ही फसवता का?" असे कुणी सरळ विचारले, तर त्याच क्षणी होय म्हणायचे. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

निसर्ग प्रयोगकर्त्याला मुद्दाम फसवत नाही, माणूस फसवतो. म्हणून पदार्थविज्ञानाच्या पंडितापेक्षा इथे जादूगाराचे डोळे कामाला येतात. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे अब्राहम कोवूर यांनी हे ओळखले होते. फसवणुकीला वाव नसलेल्या स्थितीत चमत्कार करून दाखवणाऱ्याला त्यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचे आव्हान दिले. १९७८ साली ते वारले, तोवर ते कुणी जिंकले नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागचे कारण सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, कर्नाटकात तसा कायदा २०१७ साली आला.

मी अजूनही मुलांना नाणे वाकवून दाखवतो. पण आता दोन्ही नाणी आणि पकड टेबलावर ठेवल्याशिवाय रंगमंचावरून उतरत नाही. एखाद्या मुलालाच वर बोलावून जादू करायला लावतो. ते पोर दहावी होऊन गेले. त्याच्या आईला मात्र मी अजून पटवू शकलेलो नाही. रस्त्यात भेटली की ती आजही माझ्या हाताकडे पाहते.