जादा लसमात्रा, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांसाठी (दिल्ली राजधानी क्षेत्र)

अवयव-प्रत्यारोपण झालेले, डायालिसिसवर असलेले, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि एचआयव्हीबाधित यांना नेहमीच्या मात्रा अनेकदा पुरत नाहीत. म्हणून द्यावयाच्या वाढीव मात्रा. हा बूस्टर नव्हे : बूस्टरने ओसरलेले संरक्षण पुन्हा वाढते. जादा मात्रेने मुळातच अपुरे राहिलेले लसीकरण पुरे होते.

हिपॅटायटिस-बी. मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत जादा मात्रांची पद्धत कोविडच्या पुष्कळ आधीची आहे. निरोगी प्रौढाला २० मायक्रोग्रॅमच्या तीन मात्रा पुरतात. डायालिसिसच्या रुग्णाला दर वेळी ४० मायक्रोग्रॅम, तेही चार वेळा : सुरुवातीला आणि मग १, २ व ६ महिन्यांनी. २० मायक्रोग्रॅमची दोन इंजेक्शने एकाच वेळी देतात. डायालिसिससाठी फिस्टुला केलेला हात वगळून. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण) तपासतात. तो मिलिलिटरमागे १० मिलि-युनिटांखाली असेल, तर सगळा क्रम पुन्हा. मूत्रपिंडाचा आजार लक्षात येताच, डायालिसिस लागण्याआधीच लस दिली तर प्रतिसाद चांगला मिळतो. ही संधी दवडू नये.

कोविड-१९. तुलूझ येथे १०१ प्रत्यारोपित रुग्णांना फायझरची तिसरी मात्रा दिल्यावर प्रतिपिंडे आढळणाऱ्यांचे प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेले (२०२१). अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा रुग्णांना तिसरी मात्रा मंजूर केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ऑक्टोबरमध्ये तीच शिफारस केली. भारतात १० जानेवारी २०२२ पासून ‘प्रिकॉशन डोस’ (तिसरी मात्रा) मिळू लागला, तो आरोग्यसेवक, आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ६० वर्षांवरील यांना, दुसऱ्या मात्रेनंतर ९ महिन्यांनी. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयोगटासाठी केंद्राने जी २० सहव्याधींची यादी वापरली, तीत प्रत्यारोपण, डायालिसिस व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे होती. जानेवारी २०२२ मध्ये मात्र साठीच्या आतील रुग्णांना ती लागू झाली नाही. दिल्लीतील तिशीच्या प्रत्यारोपित रुग्णाला सर्वसाधारण नियमाने ही मात्रा मिळाली १० एप्रिल २०२२ नंतर, खासगी केंद्रांवर : लसीचे २२५ रुपये, सेवाशुल्क १५० पर्यंत. त्याच महिन्यात दिल्ली सरकारने आपल्या केंद्रांवर ती १८ ते ५९ वयोगटाला मोफत केली. पुढे जुलैमध्ये देशभर अंतर ६ महिन्यांवर आले. वयाऐवजी आजार हा निकष ठेवला असता, तर सर्वांत गरजूंचे वाट पाहण्याचे महिने वाचले असते.

न्यूमोकोकल. आधी संयुग्मित लस, किमान ८ आठवड्यांनी न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांविरुद्धची पॉलिसॅकराइड लस.

जिवंत लसी. प्रत्यारोपणानंतर सहसा वर्ज्य. शक्य तर आधीच द्याव्यात.

रेबीज. दुसऱ्या वर्गाच्या संपर्कातही, म्हणजे रक्त न आलेल्या ओरखड्यालाही, या रुग्णांना लसीच्या पूर्ण क्रमासोबत इम्युनोग्लोब्युलिन देतात. लस स्नायूत देतात.