स्लिप डिस्कमधली एक रात्र

२०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्ले ऐकलं. ऐकलं म्हणजे, स्टेजवरचा मुंगीएवढा माणूस मोठ्या पडद्यावर पाहिला! घरी येताना राहून राहून १९७२ सालची एक रात्र आठवत होती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची.

त्या साली लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले होते. चौथा अल्बम १९७१ मध्येच आलेला, बॅंड जगभर गाजत होता. आणि कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्याशा क्लबात हे दोघं चक्क उसनी वाद्यं घेऊन, इथल्याच पोरांच्या साथीने वाजवायला उभे राहिले. त्या रात्री तिथे असलेल्या फॅनची लॉटरीच की!

याच मुंबईत, त्याच वर्षी दोघांनी भारतीय वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ नव्याने रेकॉर्ड केली. ती २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी, ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आली. स्टुडिओतल्या कामाचा असा बॅकअप निघाला. क्लबातली रात्र मात्र मुख्यतः हजर असलेल्यांच्या डोक्यातच आहे, आणि ती मंडळी आता सत्तरीच्या पुढे गेलीत.

माझ्या फोनमध्ये कोल्डप्लेचे चाळीस व्हिडिओ आहेत, एकही परत पाहिलेला नाही. असो. तुमच्या ओळखीत तेव्हा कुलाब्यात भटकणारे कुणी काका-मावशी असतील तर त्यांना विचारा, आणि सांगतील ते लिहून ठेवा. जरा लवकर.