आजीची धारानगरी

आमच्या आजीने धार शहर कधी पाहिले नाही. सौंसर तहसिलीतल्या एका खेड्यात तिचा जन्म झाला, पांढुर्ण्याजवळच्या दुसऱ्या खेड्यात ती सून म्हणून आली आणि १९८७ साली त्याच घराच्या ओसरीवर तिने देह ठेवला. तिचा सर्वांत लांबचा प्रवास नागपूरचा, तोही सौंसरहून छोट्या गाडीने. तरी कुणी तिला गाव विचारले, की ती माहेरचे नाव सांगत नसे, सासरचेही नाही. "आमी धारचे," एवढेच म्हणे.

आमचे घर भोयर पवारांचे. या भागातल्या वाचकांना समाजाची ओळख करून द्यायला नको. बैतूल, छिंदवाडा आणि वर्धा या पट्ट्यात पसरलेली ही शेतकरी जात आपली बहात्तर कुळे सांगते आणि मूळ माळव्यातल्या धारानगरीत नेते. आजी ही कथा पोळ्याच्या दिवशी, बैल घरी आले की, हमखास सांगायची. धारेला वेढा पडला. आपले लोक तटाच्या पश्चिम बाजूवर होते. रात्रभर लढले, पहाटे मात्र पाय निघाला. गावात पळत शिरले तेव्हा उगवत्या सूर्याचे ऊन त्यांच्या तोंडावर पडले. भोर म्हणजे पहाट. भोरेला पळताना दिसले म्हणून ते भोयर.

ही कथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही आहे. कॉलेजात असताना ती मला तेथे छापलेली सापडली आणि थोडे वाईटच वाटले. पळून आल्याची गोष्ट कोण अभिमानाने सांगतो? मी आजीला तसे म्हणालो. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "पळाले म्हनून तर तू हाय ना रे बाबू."

आता थोडे इतिहासाकडे वळू. ग्रंथातल्या कथेप्रमाणे वेढा घालणारा औरंगजेब. परंतु परमारांचे राज्य १३०५ साली अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने बुडवले आणि अकबराच्या काळापासून माळवा मोगलांकडेच होता. आपल्याच ताब्यातल्या शहराला औरंगजेब वेढा कशाला घालील? १६५८ साली वारसाहक्काच्या युद्धात धर्मतची लढाई उज्जैनजवळ झाली. तिची धूसर आठवण या कथेत मिसळली असेल तर नकळे. पण कथा जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे.

मग आमचे पूर्वज आले कसे? एक वाट पुष्कळच जुनी. परमारांचा एक मोठा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात, आहे. तो राजा नरवर्मनच्या वेळचा, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा. माळव्याच्या सत्तेचा हात तेव्हाच विदर्भापर्यंत पोचला होता. दुसरी वाट देवगडच्या गोंड राजाची. बख्त बुलंदाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, आणि रान मोडून शेती करण्यासाठी बाहेरच्या कष्टाळू लोकांना आपल्या मुलखात आणले, असे जुने गॅझेटियर सांगतात. मला स्वतःला ही दुसरी वाट अधिक पटते. आमची माणसे तलवार टाकून आली असतील वा नसतील, ती येथे राहिली नांगरामुळे. वर्धा, जाम, कन्हानच्या काठची काळी जमीन त्यांना सापडली आणि धारानगरी गोष्टीत उरली.

नरवर्मनच्या लेखातल्या काही ओळी मी वहीत उतरवून आणल्या होत्या. सुट्टीत ओसरीवर बसून मोठ्या थाटात आजीला वाचून दाखवल्या. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "ह्यात आपली बोली हाय का?"

"नाही, संस्कृत आहे."

"मंग हे राजाचं हाय. आपलं नाई."

तिचे 'आपले' म्हणजे तिची बोली. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात भोयरीची गणना माळवीत केली आहे. मराठीच्या शेजारी राहून तिच्यात मराठी शब्द पुष्कळ शिरले, तरी तिचा सांगाडा माळव्याचाच राहिला. आमच्याकडे धारेचा ना कागद होता, ना ताम्रपट. पुरावा होता तो आजीच्या तोंडात. चुलीपाशी, जात्यावर, गोठ्यात ती हीच बोली बोले.

आणि येथेच मला एक कबुली द्यायची आहे.

१९५९ साल असावे. मी दहा वर्षांचा होतो आणि पांढुर्ण्याला मराठी शाळेत जात होतो. एका रविवारी वर्गातली तीन-चार मुले संत्री खायला आमच्या घरी आली. आजीने मला तिच्या बोलीत हाक मारून काहीतरी आणायला सांगितले. मुले हसली. एकाने तर नक्कल केली. मी लाजेने लाल झालो आणि सर्वांसमोर ओरडलो, "आजी, मराठीत बोल ना!"

आजी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं बाबू. तू म्हनशीन तसं बोलीन."

तिने शब्द पाळला. त्या दिवसापासून पुढे अठ्ठावीस वर्षे ती माझ्याशी मराठीतच बोलली. म्हणूनच या लेखात तिची जी वाक्ये आली आहेत, ती सारी मराठीत आहेत. तिची दुसरी वाक्ये माझ्यापाशी नाहीत.

याच्या तीनच वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचना झाली होती. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आजीची धाकटी बहीण वरूडला दिली होती, ती एका रात्रीत परराज्यातली झाली. "मी तं उठून कुठं गेली नाई," आजी म्हणायची, "आन् लोक म्हनते, तुह्यं राज्य बदललं." पुढे कचेरीचा कागद हिंदीत येऊ लागला. मराठी मागे पडते म्हणून आम्ही सभा घेतल्या, अर्ज केले, अशा दिवाळी अंकांतून लेख लिहिले. मीही लिहिले. ती तक्रार खोटी नव्हती. पण मोठ्या भाषेने लहान भाषेला गप्प बसवू नये, हे सांगताना आपल्याच स्वयंपाकघरात आपण काय केले, ते मला आठवले नाही.

या संदर्भात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून, म्हणजे आज ज्याचा बराच भाग युक्रेनमध्ये आहे त्या प्रदेशातून, हजारो कुटुंबे सोव्हिएत सत्तेने उखडून सायबेरियाकडे नेली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे वळिवड्याला पोचली आणि १९४३ ते १९४८ तेथे राहिली. घरदार गेलेल्या त्या माणसांनी छावणीत आपल्या भाषेच्या शाळा चालवल्या. पाच वर्षांच्या मुक्कामासाठी! आमची माणसे शतकानुशतके येथे राहिली. शाळा नव्हती, छापखाना नव्हता, आज्यांनीच ती बोली सांभाळली. माझ्या पिढीपर्यंत.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. आजीचे माहेर आणि सासर आता एका नव्या जिल्ह्यात आहेत. ती असती तर पुन्हा म्हणाली असती, की मी तर उठून कुठे गेले नाही.

शेवटच्या आजारात तिचे भान सुटले होते. चार दिवस ती फक्त आपल्या बोलीत बोलत होती. मला दिलेला शब्द तेवढाच तिच्याकडून मोडला. कधी आईला हाक मारी, कधी बैल सोडायला सांगे. मी उशाशी बसून होतो. तिचे सारे मला कळत होते. उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडत होतो आणि दर वेळी मराठीच बाहेर येत होती.