सोन्याची इंजेक्शने आणि सेलेनियम

“आईला पूर्वी आमवातासाठी सोन्याची इंजेक्शने देत असत. ती आता का देत नाहीत?” असा प्रश्न जुन्या रुग्णांची मुले कधीकधी विचारतात. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये सांगितले, की सोन्याचे सायनाइड परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखते. प्राण्यांमध्ये मात्र त्याचा गुण आला नाही. तरीही १९२० च्या दशकात डेन्मार्कमध्ये क्षयरुग्णांना सोन्याचे क्षार टोचले जाऊ लागले. आमवातही क्षयासारखाच जंतूंमुळे होत असावा, असे फ्रान्सच्या डॉ. झाक फोरेस्टिए यांना वाटले. त्यांनी सोने वापरून पाहिले आणि १९२९ मध्ये रुग्णांना आराम पडल्याचे कळवले.

तर्क चुकला होता. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते. पण गुण खरा होता. १९६०-६१ मध्ये ब्रिटनमधील तुलनात्मक चाचणीतही तो दिसला.

मग सोने शरीरात नेमके काय करते? याचा एक महत्त्वाचा धागा सेलेनियमपाशी सापडला. सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य आहे आणि ते आपल्याला अगदी थोडे लागते. १९७३ मध्ये कळले, की पेशींना घातक पेरॉक्साइडपासून वाचवणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइममध्ये सेलेनियम असते. १९९६ मध्ये थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या दुसऱ्या एन्झाइममध्येही ते आढळले. सोन्याला गंधकाची ओढ असतेच, सेलेनियमची त्याहून जास्त. एन्झाइमच्या ज्या जागी काम चालते तिथेच सेलेनियम बसलेले असते. सोने त्याला चिकटले की काम थांबते.

१९९८ मध्ये मानवी वारेतून हे दुसरे एन्झाइम वेगळे काढून तपासले गेले. ऑरॅनोफिन हे तोंडाने घ्यायचे सोन्याचे औषध अत्यल्प मात्रेतही ते बंद पाडत होते. पुढच्याच वर्षी सोन्याचे औषध टोचलेल्या उंदरांच्या शरीरातही त्याचे काम मंदावलेले दिसले. आमवातातला सगळा गुण याच वाटेने येतो असे मात्र म्हणता येत नाही.

सोने मूत्रपिंडात आणि यकृतात साठून राहते. काहींच्या लघवीतून प्रथिने जात, अंगावर पुरळ येई, तोंड येई, क्वचित रक्तपेशी घटत. म्हणून उपचार चालू असताना लघवी आणि रक्त वारंवार तपासावे लागे. पुढे मेथोट्रेक्सेट आणि त्यानंतर बायोलॉजिकल औषधे आली, आणि सोने मागे पडले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे सारे सोन्याच्या संयुगांबद्दल आहे. बोटातल्या अंगठीने आमवात बरा होत नाही. आणि ‘सेलेनियम चांगले’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. ते जास्त झाले तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.