ब्रॅम्बल केचा उंदीर : एक वर्ष उशीर

आजची गोष्ट एका उंदराची आहे. हसू नका, हा साधासुधा उंदीर नाही. माणसाने तापवलेल्या हवामानामुळे नामशेष झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली आहे.

मोबाइलवर नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाचं वरचं टोक आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टोरेस सामुद्रधुनी दिसेल. तिथे ब्रॅम्बल के नावाचं एक वाळूचं बेट आहे. भरतीच्या पाण्यावर राहणारी त्याची जमीन १९९८ साली सुमारे ४ हेक्टर होती, म्हणजे जेमतेम दहा एकर! सगळ्यात उंच जागा समुद्रापासून तीनेक मीटर. इथे समुद्री पक्षी येतात, कासवं अंडी घालतात. आणि इथेच राहायचा मेलोमिस, लांब शेपटीचा तपकिरी उंदीर. जगात दुसरीकडे तो कधीच कुणाला सापडला नाही.

१८४५ मध्ये 'ब्रॅम्बल' या ब्रिटिश जहाजाचे खलाशी बेटावर उतरले, तेव्हा उंदीर इतके होते की त्यांनी गंमत म्हणून धनुष्यबाणाने त्यांची शिकार केली. १९७८ मध्येही ते काही शेकड्यांत होते. १९९८ मध्ये अंदाज आला सुमारे ९० चा. २००४ मध्ये सापळ्यांत सापडले फक्त १२.

असं का झालं? समुद्र तापला की पाणी फुगतं, शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. त्यामुळे भरती-वादळाचं खारं पाणी आधीपेक्षा आत येतं. ब्रॅम्बल केवर ते वारंवार आत शिरलं. काही उंदीर बहुधा वाहून गेले असतील, पण खरा घाव बसला झाडपाल्यावर. तेच उंदरांचं अन्न आणि तोच आडोसा. २००४ मध्ये बेटावर २.१६ हेक्टर हिरवळ होती, सव्वापाच एकरांच्या आसपास. मार्च २०१४ मध्ये उरली ०.०६५ हेक्टर. आपल्या भाषेत, साडेसहा गुंठे! दहा वर्षांत ९७ टक्के हिरवळ गेली.

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग ऐका. हा प्राणी धोक्यात आहे हे सरकारला माहीत होतं. २००८ मध्ये त्याला वाचवण्याचा अधिकृत आराखडाही तयार झाला. त्यात समुद्राची पातळी आणि वादळं यांचा विचार होता. पण निष्कर्ष काय? या आराखड्याच्या मुदतीत हवामानबदलाचा या उंदराच्या अस्तित्वावर मोठा परिणाम होण्याची शक्यता कमी आहे!

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, एका मच्छीमाराला बेटावर एक उंदीर दिसला. त्यानंतर कुणालाच दिसला नाही.

२०१४ मध्ये शास्त्रज्ञ पुन्हा बेटावर गेले. उंदीर मिळाले तर सोबत न्यायचे, जपायचे, त्यांची पैदास करायची असा बेत होता. रोज रात्री सापळे लावले, कॅमेरे लावले. सापळे आणि रात्री यांचा हिशेब केला तर भरतो ९००. एकही उंदीर आला नाही. २०१६ मध्ये क्वीन्सलँड राज्याने आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने तो नामशेष झाल्याचं मान्य केलं.

तुम्ही म्हणाल, एक उंदीर गेला तर काय बिघडलं? बरोबर आहे, जगाचं काही अडलं नाही. पण त्याला कुणी मुद्दाम मारलं नाही, हे लक्षात घ्या. धोका कागदावर लिहिला होता, तारीख मात्र चुकीची धरली होती. 'इतक्यात काही होत नाही' हे वाक्य आपण सगळेच रोज म्हणतो. ब्रॅम्बल केवर त्या 'इतक्यात'ची लांबी होती फक्त एक वर्ष.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!