महिलांची ५०० मीटर स्पीड स्केटिंग शर्यत, प्योंगचांग २०१८

दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे भरलेल्या तेविसाव्या हिवाळी ऑलिंपिकमधील, लाँग ट्रॅक प्रकारातली महिलांची सर्वांत कमी अंतराची शर्यत. ती १८ फेब्रुवारी २०१८ रोजी गांगनुंग या समुद्रकाठच्या शहरात, ४०० मीटरच्या बंदिस्त ओव्हलवर झाली. जपानच्या नाओ कोदाइराने ३६.९४ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. कोरियाची ली सांग-ह्वा (३७.३३) दुसरी आणि चेक प्रजासत्ताकाची कारोलिना एर्बानोव्हा (३७.३४) तिसरी आली. रौप्य आणि कांस्य यांच्यात अंतर राहिले ते सेकंदाच्या शंभराव्या भागाचे.

१९३२ साली लेक प्लॅसिडला महिलांचे स्पीड स्केटिंग केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवले गेले. पदकांसाठीची पहिली शर्यत १९६० साली स्क्वॉ व्हॅलीत झाली आणि जर्मनीची हेल्गा हासे त्यात विजयी ठरली. १९९८ ते २०१४ या काळात प्रत्येक खेळाडू हे अंतर दोनदा धावे आणि दोन्ही वेळांची बेरीज धरली जाई. प्योंगचांगला पुन्हा एकच धाव ठेवण्यात आली. त्यामुळे पहिल्या धावेतली चूक दुसऱ्या धावेत भरून काढण्याची सोय उरली नाही.

खेळाडू जोडीजोडीने धावतात, एक आतल्या मार्गिकेतून आणि दुसरी बाहेरच्या. पहिले वळण संपले की समोरच्या सरळ भागावर दोघी मार्गिका बदलतात, म्हणजे दोघींना अंतर सारखेच पडते. तिथे दोघी एकाच वेळी पोहोचल्या, तर आधी जाण्याचा हक्क बाहेरून आत येणारीचा असतो. निकाल मात्र जोडीत पुढे कोण होती यावर ठरत नाही, सगळ्यांच्या वेळा एकत्र लावून ठरतो. म्हणूनच ही शर्यत पाहताना नजर धावणाऱ्यांपेक्षा घड्याळाकडे अधिक जाते.

कोदाइरा धावली तेव्हा ली अजून धावायची होती. ली २०१० आणि २०१४ अशा दोन्ही ऑलिंपिकची विजेती. इथे जिंकली असती, तर अमेरिकेच्या बॉनी ब्लेअरप्रमाणे (१९८८, १९९२, १९९४) लागोपाठ तीन सुवर्णपदके तिच्या नावावर जमा झाली असती. शिवाय शर्यत तिच्या घरच्या प्रेक्षकांसमोर होती. विक्रमी वेळ फलकावर झळकताच जपानी समर्थकांनी जल्लोष केला, तेव्हा कोदाइराने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केले, कारण ली सुरुवातीच्या रेषेकडे निघाली होती. लीची सुरुवात झकास झाली आणि पहिल्या १०० मीटरांत ती कोदाइराच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर तिचा तोल किंचित ढळला. शर्यतीनंतर रडणाऱ्या लीला कोदाइराने मिठीत घेतले आणि दोघींनी आपापले ध्वज घेऊन एकत्र फेरी मारली. या शर्यतीची आठवण निघते ती बहुधा या दृश्यामुळेच. पण वेळही काही कमी मोलाची नव्हती. समुद्रसपाटीलगतच्या ट्रॅकवर ३७ सेकंदांच्या आत पोहोचणारी कोदाइरा पहिली महिला ठरली. लीने २०१३ साली ३६.३६ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, तो उंचावरच्या सॉल्ट लेक सिटीत. तिथली विरळ हवा खेळाडूला कमी अडवते.

कोदाइरा तेव्हा ३१ वर्षांची होती. नागानो प्रांतातली ही खेळाडू २००९ साली विद्यापीठातून बाहेर पडली, तेव्हा तिला पदरी घ्यायला एकही मोठी कंपनी पुढे आली नाही. शेवटी मात्सुमोतो शहरातल्या आइझावा रुग्णालयाने तिला नोकरी दिली आणि सरावाचा भारही उचलला. २०१४ नंतर दोन वर्षे तिने नेदरलँड्समध्ये सराव केला. स्पीड स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी महिला.

याच शर्यतीत अमेरिकेची एरिन जॅक्सन चोविसावी आली. ती मूळची इनलाइन स्केटर, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवर धावणारी. बर्फावर येऊन तिला जेमतेम काही महिने झाले होते. चार वर्षांनी बीजिंगला तिने हेच अंतर ३७.०४ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले. मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा तपशील हाच, कारण महाराष्ट्रातले बर्फावरचे स्केटरही चाकांवरूनच तिकडे वळतात.

प्योंगचांगला भारताचे दोनच खेळाडू गेले होते, ल्यूजमध्ये शिव केशवन आणि क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये जगदीश सिंग. महिलांच्या लाँग ट्रॅकमध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर उतरलेल्या भारतीयांत पुण्याच्या श्रुती कोतवालचे नाव अग्रभागी येते. तिनेही सुरुवात चाकांच्या स्केट्सवरच केली होती. अशा खेळाडूंना सरावासाठी परदेश गाठावा लागतो, कारण कृत्रिम बर्फाचा ४०० मीटरचा ट्रॅक भारतात नाही. सिमल्याची १९२० पासूनची रिंक थंडीत गोठणाऱ्या पाण्यावर चालते आणि तिथे एवढा ओव्हल मावत नाही. लेहमध्ये २०२४ आणि २०२५ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील स्केटिंग झाले, त्यात महाराष्ट्राच्या खेळाडूंनी पदके मिळवली. शॉर्ट ट्रॅकची फेरी १११.१२ मीटरची असते आणि ती आइस हॉकीच्या रिंकमध्ये बसते. त्यामुळे भारतात त्या प्रकाराची सोय तुलनेने लवकर झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेहराडूनच्या हिमाद्री रिंकवर आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा भरवता आली.