टायटॅनियम डायऑक्साईड आणि रंजकयुक्त पाणी : एका दोषाचा इतिहास

सांडपाण्यातील रंजके नष्ट करण्यासाठी नॅनोसंरचित टायटॅनियम डायऑक्साईडच्या उपयोगावर विपुल संशोधन झाले आहे. अशा बहुतेक शोधनिबंधांची प्रस्तावना फुजिशिमा व होंडा यांच्या १९७२ च्या प्रयोगापासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधिकेतही तेच घडले. वस्तुतः या पदार्थाचा रंजकांशी असलेला संबंध त्याहून जुना असून तो एका दोषाच्या शोधातून लक्षात आला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पांढरे रंगद्रव्य म्हणून याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. विषारी शिसेयुक्त सफेद्याला तो उत्तम पर्याय होता. मात्र उन्हात या रंगाचा थर खडूसारखा झडू लागे आणि त्यात मिसळलेले इतर रंग फिके पडत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गुडीव्ह व किचनर यांनी १९३८ मध्ये दाखविले की, अतिनील प्रकाशात टायटॅनियम डायऑक्साईडच्या सान्निध्यात रंजकाचे विरंजन होते, परंतु ते स्वतः खर्ची पडत नाही. म्हणजेच ते उत्प्रेरक ठरते. रंग-उद्योगाला मात्र हा उपद्रवच होता! कणांवर सिलिका व ॲल्युमिना यांचे आवरण चढवून तो आटोक्यात आणण्यात आला.

१९७२ मध्ये रुटाईल विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन साधले गेले. पुढील वर्षीच्या तेलसंकटामुळे हायड्रोजन इंधनाच्या आशेने सर्वांचे लक्ष तिकडे वळले. जलशुद्धीकरणाची दिशा फ्रँक व बार्ड यांच्या १९७७ मधील सायनाईडवरील प्रयोगांनी दिली. क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने कण सूक्ष्म करण्याकडे कल वाढला. १९९८ मध्ये कासुगा व सहकाऱ्यांनी संहत सोडियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात ही भुकटी तापवून सुमारे ८ नॅनोमीटर व्यासाच्या नलिका तयार केल्या. तरीही ॲनाटेसला ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो.

याहून गंभीर प्रश्न मोजमापाचा आहे. मिथिलीन ब्लू स्वतः दृश्य प्रकाश शोषते. शिवाय क्षपणाने ते रंगहीन होते व हवेतील ऑक्सिजनने पुन्हा निळे होते. ओहतानी व सहकाऱ्यांनी २००६ मध्येच या रंजकाच्या चाचणी म्हणून असलेल्या योग्यतेवर प्रश्न उपस्थित केला होता. तरीही रंगाच्या घटीवरूनच 'शुद्धीकरणा'ची टक्केवारी काढली जाते. आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारे उपकरण क्वचितच. त्यामुळे रंग गेल्यानंतर पाण्यात काय उरले, याचा रकाना आपल्या तक्त्यांत बहुधा नसतोच.